जुन्या बाजारातला रेकॉर्ड नंबर ३ व्हाइस आणि अडीच सुताचा घोळ

सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं चेनचं दातेरी चक्र, काढताना पान्हा फिरवत नाहीत, चाक फिरवतात. ते काढायचा दातेरी रिमूव्हर व्हाइसच्या, म्हणजे वस्तू घट्ट धरायच्या टेबलावरच्या लोखंडी शिकंज्याच्या, जबड्यात उभा आवळायचा, त्याच्या दातांवर फ्रीव्हील बसेल असं चाक आडवं ठेवायचं आणि एसटीचा ड्रायव्हर घाटाच्या वळणावर स्टिअरिंग ओढतो तसं दोन्ही हातांनी डावीकडे ओढायचं. फ्रीव्हील पॅडल मारून मारूनच आवळत जातं. चार वर्षं रोज कात्रज चढणाऱ्या माणसाचं फ्रीव्हील म्हणजे त्यानं पायांनी चार वर्षं आवळलेला नट. तो सुटताना ‘टाक्’ असा एक आवाज येतो आणि खांदे मोकळे होतात.

गेल्या पावसाळ्यात माझ्या दुकानात तो आवाज आला, पण फ्रीव्हील जागच्या जागी होतं. सुटला होता तो व्हाइस. पुढचा जबडा मानेपासून तुटून माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर पडला होता.

दीड वर्षाचा नवा व्हाइस. ऑनलाइन मागवलेला, चार इंची, खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ असं ठसठशीत लिहिलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तोच माल चार नावांनी आणि चार रंगांत विकला जातो असा माझा संशय आहे. तुटलेल्या जागी पाहिलं तर बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पोटात करंगळीचं नख बसेल एवढी पोकळी. तिच्या तोंडाशी लांबी (पुट्टी) भरलेली आणि वरून झकास निळा रंग. भिंतीचं भगदाड बुजवावं तसं. फोटो पाठवले, तर उत्तर आलं की ‘ओव्हरलोड’ केल्यामुळे वॉरंटी लागू नाही. व्हाइसमध्ये फ्रीव्हील काढणं ओव्हरलोड असेल, तर व्हाइसमध्ये काय, कैऱ्या फोडायच्या?

मी औंधच्या आयटीआयची फिटर. आमच्या बॅचला मुली दोनच होत्या. पहिले कित्येक आठवडे काम एकच: लोखंडाचा ठोकळा व्हाइसला लावायचा, कानस मारायची, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून फटीतून उजेड दिसतो का बघायचं, पुन्हा कानस मारायची. समोरचा व्हाइस कुठल्या कंपनीचा आहे हे बघायची तेव्हा अक्कल नव्हती. तो हलत नाही, एवढंच माहीत होतं. व्हाइसकडून याहून वेगळी काही अपेक्षा असते हे मला अजूनही पटलेलं नाही. तेव्हा ठरवलं, या वेळी जुना घ्यायचा, आणि असा घ्यायचा की ज्याच्या पोटात काय आहे हे माझ्या आधी दोन पिढ्यांनी तपासलेलं असेल.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तीन रविवार गेले.

पहिल्या रविवारी एक खटक्याचा मिळाला. अशा व्हाइसला पुढे एक छोटी पट्टी असते. ती दाबली की आतला अर्धा नट स्क्रूवरून खाली उतरतो आणि जबडा सरळ हातानं ओढता येतो. जुन्या इंग्लिश मालात शिप्लीच्या पार्किन्सनचे आणि शेफील्डच्या रेकॉर्डचे असे नग निघतात. चालू स्थितीत असेल तर फार सुखाचा प्रकार. पण अर्ध्या नटाचे आटे, म्हणजे स्क्रूला धरणाऱ्या गोल चढत्या कडा, झिजले की आवळता आवळता तो दात सोडतो आणि जबडा ‘खट्’ करून मागे सरकतो. या नगाचं तेच झालं होतं. दांडा मी जेमतेम अंगठ्याच्या जोरानं आवळला, तरी सोडला. सुटा नट आज कुठे शोधत बसणार? ठेवून दिला.

दुसऱ्या रविवारी दिसला तो रंग देऊन नवा केलेला. फार नवा दिसणारा जुना व्हाइस दिसला की मी आधी त्याच्या मानेला हात लावते, म्हणजे जबडा आणि सरकती दांडी जिथे मिळतात तिथे. बहुतेक व्हाइस तिथेच फुटतात, कारण दांड्याला पाइप घालून आवळायची आपल्याकडे परंपरा आहे. दांड्याची लांबी बनवणाऱ्यानं विचार करून ठेवलेली असते. पूर्ण वाढलेल्या माणसानं दोन हातांनी आवळावं, त्यापुढे नाही. या नगाच्या मानेवर रंगाखाली एक बारीक फुगवटा लागला. बीड साध्या वेल्डिंग रॉडनं जोडलं की जोडाशेजारचं बीड काचेसारखं कडक होतं आणि पुढचा तडा जोडात जात नाही, जोडाच्या कडेनं जातो. निकेलच्या रॉडनं, आधी तापवून आणि नंतर राखेत हळूहळू थंड करून जोडणारे कारागीर आहेत, पण तसं काम केलेला माणूस त्यावर रंगाचा थर चोपडून लपवत नाही, उलट दाखवतो.

तिसऱ्या रविवारी पावसाची भुरभुर होती आणि अर्ध्या लोकांनी ताडपत्र्या ओढलेल्या. एका ताडपत्रीखाली पंपाचे इम्पेलर, बंद पडलेली मिक्सरची भांडी आणि त्यांच्यामागे एक हिरवा गोळा. हिरवा म्हणजे म्युनिसिपालिटीच्या बाकाचा हिरवा.

“ताई, जर्मन आहे,” विक्रेते मामा म्हणाले.

जुन्या बाजारात जड वस्तू जर्मन असते. माझ्या आजीच्या तोंडी तर ॲल्युमिनियमचं पातेलंसुद्धा ‘जर्मल’चं होतं. नखानं रंग खरवडला तर बाजूला उठावदार इंग्रजी अक्षरं लागली. पहिली दोन रंगात बुडालेली, पुढची चार वाचता येत होती: ‘कॉर्ड’.

आता तपासणी. मी ती अशी करते. खिशातला बारा-तेराचा पान्हा घेऊन व्हाइसच्या अंगावर चार ठिकाणी वाजवते. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. बीड पोलादासारखं टणटणत नाही, पण अख्खं असेल तर आवाज एकसंध येतो. तडा असेल तर फुटक्या माठासारखा भदभद. मग जबडे पूर्ण उघडायचे आणि पुढचा जबडा वर-खाली आणि डावी-उजवी हलवून बघायचा. थोडा हलणारच. मग स्क्रूचा दांडा मागे-पुढे फिरवायचा आणि जबडा सरकायला लागण्याआधी तो किती रिकामा फिरतो ते बघायचं. पाव फेरा ठीक, अर्धा फेरा झाला की आतले आटे संपत आलेत असं धरायचं. शेवटी कागद. पावतीचा एक तुकडा जबड्यांच्या डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या कोपऱ्यात, आवळायचं आणि दोन्ही ओढायचे. दोन्ही अडले तर जबडे समांतर.

आवाज एकसंध. रिकामा फेरा पावाहून कमी. कागद उजवीकडे अडला, डावीकडे सुटला, पण तिकडची जबड्याची पोलादी पट्टीच बोटानं हलत होती, म्हणजे दोष पट्टीचा, व्हाइसचा नाही. दांडा केळ्यासारखा वाकलेला. दांडा वाकला याचा अर्थ कुणीतरी पाइप घातला होता. पण दांडा वाकला आणि बीड टिकलं, हे मला शिफारसपत्रासारखं वाटलं.

मामांनी साडेचार हजार सांगितले. मी भंगाराचा भाव सांगितला. ते म्हणाले, “ताई, भंगाराचा भाव भंगाराला.” बरोबरच होतं. शेवटी २,६०० वर तुटलं. शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन केलं: साडेसोळा किलो. ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवून घरी आणला, आणि रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला माझ्या पोटऱ्यांनी त्याची ओळख करून घेतली.

नाव-गाव काढायचं काम मला या सगळ्यात जास्त आवडतं. रंगाला कोरडी सँडिंग करायची नाही, एवढा नियम मी पाळते. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात, त्यातून कारखान्याच्या रंगात, शिसं असेल असंच धरून चालावं. स्ट्रिपर लावला, ओलंच खरवडलं, तोंडाला मास्क, खाली वर्तमानपत्र. हिरव्याखाली रुपेरी, रुपेरीखाली राखाडी, आणि पायाच्या खोबणीत, जिथे कुणाचा ब्रश पोचला नव्हता तिथे, निळा. एका बाजूला ‘रेकॉर्ड’, दुसरीकडे ‘नं. ३’ आणि ‘मेड इन इंग्लंड’.

रेकॉर्ड हे सी. अँड जे. हॅम्प्टन या शेफील्डच्या कंपनीचं नाव. कंपनी १८९८ची, दोन भावांची. १९७२ मध्ये ती रिजवे या दुसऱ्या हत्यारांच्या कंपनीशी जोडली गेली. पुढे मालक बदलत गेले, आणि आज तेच आकडे घेऊन येणाऱ्या नव्या व्हाइसवर ‘आयर्विन’ हे नावही असतं. नंबर ३ म्हणजे चार इंची जबड्यांचा, साध्या स्क्रूचा, न फिरणाऱ्या पायाचा. २३ नंबर असता तर तो खटक्याचा. म्हणजे आकडा वाचला की आत काय आहे ते खोलायच्या आधीच कळतं. नकली नगही फिरतात, नावाच्या जवळपास जाणारं नाव ओतलेले. ओळखायची सोपी खूण म्हणजे अक्षरांच्या कडा. मूळ नगावरची अक्षरं रंग काढल्यावरही नीट उभी असतात. उसन्या साच्यातली चिखलात उमटलेल्या पावलांसारखी पसरतात.

पण खरी गंमत मागच्या बाजूला होती. जबड्यामागे ठोकायला जो सपाट भाग असतो त्याच्या कडेला पंचानं मारलेली तीन अक्षरं: जी. आय. पी. आणि खाली चार आकडे. अक्षरं सरळ रेषेत नव्हती, ‘पी’ जरा खाली घसरलेला. कुणीतरी एकेक पंच हातात धरून, एकेक घाव घालून मारलेली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. बोरीबंदर ते ठाणे, १८५३, आपण शाळेत पाठ केलेली तीच. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत विलीन झाली आणि त्यानंतर मालावर जी.आय.पी. मारायचं कारण उरलं नाही. म्हणजे हा नग त्याआधी भारतात उतरलेला. सत्तरी कधीच उलटून गेली. मामांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, “मग परळ वर्कशॉपचा आहे म्हणून सांगायचं होतं, पाच हजार घेतले असते.” परळचा कारखाना १८७९चा, त्यामुळे गोष्ट जुळते खरी, पण शिक्का रेल्वेचं नाव सांगतो, वर्कशॉपचं सांगत नाही. जुन्या वस्तूला गोष्ट चिकटवली की भाव वाढतो, म्हणून मी माझ्याकडून चिकटवत नाही.

खोलताना एक काळजी: स्क्रू पूर्ण सुटला की पुढचा अर्धा भाग अचानक मोकळा होतो. खाली पाय नको. माझा नव्हता, एक जुना टायर होता. सरकत्या दांडीच्या पोटात ग्रीस आणि लोखंडाच्या किसाचा असा काही गोळा झाला होता की तो चमच्यानं खरवडून काढावा लागला. काळा, घट्ट, भाजणीच्या पिठासारखा. त्यात मधूनच पितळेचा कीस चमकत होता. स्क्रूचे आटे मात्र त्या ग्रीसनंच वाचवले होते. चौकोनी आटे, कडा हाताला अजून लागणाऱ्या.

आता तो घोळ.

जबड्याची पट्टी हलत होती म्हटलं ना, ती काढायला गेले. प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू. बाहेर निघालेला पहिला स्क्रू हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. एम ८, म्हणजे आठ मिलिमीटरचा. नवा, चकचकीत, मेट्रिक. जबड्यातलं भोक मात्र अडीच सुताचं.

ज्यांना सूत म्हणजे फक्त धोतराचं माहीत आहे त्यांच्यासाठी: एका इंचाचे आठ सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत म्हणजे पाच सोळांश. आमच्या धंद्यात अजून कित्येक लोक असंच बोलतात. पाच सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठला लागूनच. कॅलिपर लावणाऱ्याला वाटतं, झालं, एम ८ बसणार. पण इंग्रजांच्या व्हिटवर्थ मापात अडीच सुताला इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.४१ मिलिमीटर. एम ८चं अंतर १.२५. शिवाय व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. तेव्हा एम ८ दोन फेरे गोडीगुलाबीनं जातो आणि मग अडतो. इथे शहाणा माणूस थांबतो. माझ्या आधीचा मालक थांबला नव्हता. त्यानं ताकद लावली होती, आणि बीड मऊ असल्यामुळे बिडानं ऐकूनही घेतलं होतं. स्क्रू आवळलेला दिसत होता, पण धरत काहीच नव्हता. म्हणून पट्टी हलत होती.

तीन स्क्रू डिझेल आणि गॅसच्या टॉर्चनं निघाले. चौथा मुळाशी मोडला. तिथे माझी चूक: मधोमध पंच मारला, पाच मिलिमीटरचं ड्रिल लावलं आणि घाई केली. मोडका स्क्रू पोलादी, भोवतीचं बीड मऊ, त्यामुळे ड्रिल कष्टाची वाट सोडून मऊ बाजूला सरकलं. दुसरीतल्या पोरालाही जास्त शिस्त असते. भोक मिलिमीटरभर बाहेर गेलं. त्या दिवशी मी शटर ओढलं आणि घरी गेले.

पुढच्या रविवारी शांत डोक्यानं. तीन भोकांत फक्त तोंडाचे आटे गेले होते, आतले शाबूत होते, कारण एम ८ खोल गेलाच नव्हता. पाच सोळांश व्हिटवर्थचा टॅप सेट (भोकात आटे पाडायची हत्यारं) रविवार पेठेत मिळाला. दुकानदारानं वरच्या फळीवरून काढला, वर पिवळट झालेला मेणकागद. बिडात टॅप मारताना तेल लागत नाही. बिडाचा चुरा कोरडा, काजळीसारखा निघतो आणि दोन दिवस नखांतून जात नाही. आधीपेक्षा लांब स्क्रू घेतले, आतल्या शाबूत आट्यांना धरतील असे. चौथ्या भोकाचं काम भवानी पेठेतल्या लेथवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी भोक मोठं करून मध्यावर आणलं, त्यात चार सुताचे आटे पाडले, त्याच आट्यांची पोलादी गुडदी, म्हणजे भोक बुजवायचं बूच, बसवली, वरून सपाट केली आणि गुडदीच्या बरोबर मध्यात नवं अडीच सुताचं भोक पाडून दिलं. बोटानं चाचपलं तर जोड लागत नाही, फक्त डोळ्याला एक वेगळ्या रंगाचं वर्तुळ दिसतं. काकांनी दांडाही सरळ केला, थंड असतानाच, दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये दाबून. सांगितलेल्या दिवशी काम तयार नव्हतं, त्यानंतरच्या दिवशीही नव्हतं. पण तयार झालं तेव्हा काही बोलायला जागा ठेवली नव्हती.

“कुणाचं पाप आहे हे?” मोडका एम ८ बघून काकांनी विचारलं.

“तीन स्क्रू दुसऱ्याचे, चौथा माझा.”

पट्ट्यांचे वरच्या कडेचे दात घासून गुळगुळीत झाले होते. खालच्या कडेचे जवळजवळ कोरे. भोकं मधोमध असल्यानं पट्ट्या उलट्या करून बसवल्या, झालं काम. नव्या पट्ट्या घ्यायच्या आधी हे बघत चला. कानस लावून पाहिली तर घसरते, म्हणजे पोलाद अजून कडक आहे.

गंजासाठी मी बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरते. प्लॅस्टिकचा टब, दर दहा लिटर पाण्याला मूठभर सोडा, कडेनं लोखंडी सळ्यांचे तुकडे. चार्जरची धन वायर सळ्यांना, ऋण वायर व्हाइसला. उलट जोडलं तर गंज निघायच्या ऐवजी व्हाइसच निघून जाईल. स्टेनलेस स्टीलचा तुकडा सळीच्या जागी कधी लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बुडबुडे निघतात तो हायड्रोजन, म्हणून हे गच्चीवर, उघड्यावर. नव्या पद्धतीचा हुशार चार्जर चालत नाही, त्याला समोर बॅटरी दिसली नाही की तो संपावर जातो. जुना, मुका चार्जर हवा. रात्रभर ठेवलं, सकाळी गंजाचं काळं पीठ झालं होतं, ब्रशनं निघालं. ताबडतोब गरम पाणी, ऊन आणि तेल, नाहीतर तासाभरात पुन्हा भगवी साय धरते. बारीक सुट्या भागांना लिंबूसत्वाचं पाणी पुरतं. फक्त विसरून जाऊ नका, ते गंज संपल्यावर लोखंडाकडे वळतं.

रंगाबद्दल थोडकंच. रेड ऑक्साइड, वर ऑक्सफर्ड ब्लू इनॅमल. खोबणीतल्या मूळ निळ्याशी तंतोतंत जुळत नाही, दोन हात लांबून जुळतो. अक्षरांत पांढरा रंग भरला नाही. हल्ली लोक असे व्हाइस आरशासारखे पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवतात. ठेवा बापडे. माझ्या नगाच्या मागच्या सपाट भागावर हातोड्याचे शेकडो घाव आहेत, ते मी घासले नाहीत. जी.आय.पी.च्या शिक्क्यावर तर रंगही नाही, नुसतं तेल.

बसवताना उंचीचा नियम आयटीआयचाच: ताठ उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा, जबड्यांची वरची कड कोपराला यायला हवी. माझी उंची पाच फूट एक. आधीचा व्हाइस मी सुताराच्या मापानं बसवला होता आणि दीड वर्ष खांदे वर करून कानस मारत होते. दुखणं वयाचं म्हणून सोडून दिलेलं. दुसरी गोष्ट, मागचा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित पुढे यायला हवा, म्हणजे लांब नळी किंवा सायकलचा फोर्क उभा धरता येतो, टेबल आडवं येत नाही. फळीखाली लोखंडी पट्टी, चार सुताचे आरपार बोल्ट. लाकडात नुसते स्क्रू मारून व्हाइस बसवणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही.

पाच महिने झाले. पहिलं काम अर्थातच ते फ्रीव्हील. कात्रजवाल्यांची सायकल मी मुद्दाम ठेवून घेतली होती, त्यांना दुसरं चाक देऊन. रिमूव्हर आवळला, चाक बसवलं, ओढलं. नाही. पाय पसरले, पुन्हा ओढलं. टेबल भिंतीसकट कुरकुरलं, व्हाइस नाही. तिसऱ्यांदा ‘टाक्’. दुकानातला पोरगा आधी फरशीकडे बघत होता, कुठला तुकडा पडला ते शोधत.

जुन्या काळ्या सायकलींची कॉटर पिन, म्हणजे पॅडलची क्रँक ॲक्सलला धरणारी खीळ, मी आता हातोडीनं काढत नाही. एका बाजूला मोठं सॉकेट ठेवायचं, क्रँक जबड्यात धरायची आणि व्हाइस आवळून पिन सॉकेटमध्ये ढकलायची. हातोडीनं पिनचं डोकं फुलतं आणि बेअरिंगला मार बसतो. दाबानं ती गप बाहेर येते. नव्या पिनला कानस मारून उतार जुळवायलाही हाच जबडा. हबचा ॲक्सल धरायला मात्र हे दात फार खाष्ट आहेत. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे जबड्यांवर टोपीसारखे बसवलेत. आजीच्या भाषेत, जर्मलचे.

तक्रारी आहेत. पाया फिरत नाही, त्यामुळे हँडलबारसारखी अवघड वस्तू धरायला आपणच व्हाइसभोवती फिरायचं. पूर्ण उघडायचा तर दांडा फिरवत बसा, तेव्हा खटक्याच्या व्हाइसची आठवण येते. डावीकडचा कागद आता अडतो, पण उजवीकडच्यापेक्षा किंचित सैल. ते झिजेचं आहे, जाणार नाही. पाचपैकी साडेचार देईन. अर्धा फिरत्या पायासाठी कापला.

हिशेब: व्हाइस २,६००, टॅप सेट ४५०, काकांचे ६००, सोडा-स्ट्रिपर-रंग मिळून ७००, बोल्ट २४०. एकूण ४,५९० रुपये आणि पाच रविवार. एवढ्या पैशांत नवा चार इंची येतो, हे खरंच आहे. महिन्यातून एकदा पडद्याचा रॉड कापणाऱ्यानं तोच घ्यावा आणि रविवारी झोपावं. जुना घ्यायचा असेल तर वाकलेला दांडा, गेलेला रंग, हलणारी पट्टी, गंज, यातल्या कशालाही भिऊ नका. मानेला तडा असेल किंवा आतला नट संपलेला असेल, तर फुकट दिला तरी उचलू नका.

एक गोष्ट राहिली. दांडा सैल सोडला की साडेसात इंच खाली घसरतो आणि त्याची टोकाची गोळी बरोबर तळहाताची कातडी चिमटीत पकडते. डाव्या हाताला दोनदा रक्त आलं. पोरग्यानं नळाचे दोन रबरी वायसर आणले, पाच रुपयांचे, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना चढवून दिले. आता चिमटा बसत नाही आणि दुपारी खणखणाट होत नाही म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूही खूश आहेत. एक वायसर फाटत आलाय, बदलायला हवा.